सासूबाईंच्या खोलीतला आकडा

खोटं वाटलं तर खुशाल खोटं समजा. माझं काही बिघडत नाही.

पण हे माझ्या घरात घडलंय. श्वेबिश आल्बच्या पठारावर, गावाच्या टोकाला असलेल्या आमच्या घरात. दहा वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये. आणि भर दुपारी... रात्री नाही. भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्या माणसाला माझ्या सासूबाई भेटलेल्या नाहीत.

माझं नाव ऊटा. मी भित्री नाही. ही गोष्ट वाचून कुणी मला "घर सोडा" असा सल्ला देणार असेल, तर आधीच सांगते, गेल्या दहा वर्षांत मी घर सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही.

माझ्या मुलीला, रोमीला, लहानपणापासून दमा. वसंत आला की आमच्या रस्त्यावरची बर्चची झाडं फुलायची. परागांची पिवळी धूळ उडायची. लोक बागेत बसून कॉफी प्यायचे आणि माझी पोर पलंगावर बसून एकेक श्वास ओढायची. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. तो आवाज ज्या आईने ऐकलाय, तिला पुढचं सगळं कळेल.

डॉक्टर म्हणाले, बाहेरची हवा तुमच्या हातात नाही, घरातली आहे.

मग आम्ही घरच बदललं. नव्या घट्ट खिडक्या बसवल्या. भिंतींना जाड आवरण घातलं. तळघरात एक यंत्र बसवलं. तेच हिवाळ्यात घर उबदार ठेवतं आणि उन्हाळ्यात गार. बाहेरची हवा गाळून आत घेतं, वापरलेली बाहेर टाकतं. प्रत्येक खोलीत छताजवळ एक गोल जाळी, आणि दाराशेजारी छोटा स्क्रीन. स्क्रीनवर एक आकडा.

तो आकडा श्वासाचा. खोलीत माणूस असला की त्याच्या उच्छ्वासाने हवा जड होते आणि आकडा चढतो. रिकामी खोली असेल तर चारशेच्या आसपास. एक माणूस दार लावून झोपला तर आठशे. दोन माणसं असतील तर बाराशे.

हे लक्षात ठेवा.

आमच्या सासूबाई, वाल्ट्राउट, आमच्याबरोबरच राहायच्या. त्यांना हे यंत्र पहिल्या दिवसापासून सलत होतं.

"घर आहे की काकडीची बरणी?" त्या म्हणायच्या. "माणसं आहोत आम्ही. लोणचं घालतेस का आमचं?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून रोज सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, हा त्यांचा नेम. बाहेर बर्फ पडत असलं तरी. ताप आला, उघड खिडकी. मुलगा नापास झाला, उघड खिडकी. ताज्या हवेने बरा होणार नाही असा रोग त्यांना माहीतच नव्हता.

गंमत म्हणजे, जाळीतून येणारा वारा मात्र चालायचा नाही.

"झोत लागतो! मान धरली माझी!"

मग झाडूच्या दांड्याने त्या जाळीत लोकरीचा मोजा कोंबायच्या. राखाडी, टाचेला ठिगळ लावलेला. मी काढायची. त्या पुन्हा कोंबायच्या. मी पुन्हा काढायची.

शेवटी मी माझा उपाय केला. बर्च फुलायला लागला की घरातल्या सगळ्या खिडक्यांची हँडलं काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवायला लागले. हँडल नसलं की खिडकी म्हणजे भिंतच. कुठलं कुठल्या खिडकीचं ते कळावं म्हणून प्रत्येकावर नेलपॉलिशचा ठिपका लावला. रोमीच्या खिडकीचा लाल.

"ऊटाबाई," सासूबाई म्हणाल्या, "तुरुंगातल्या जेलरलासुद्धा एवढा माज नसतो."

"तुरुंगात जेवण फुकट मिळतं, आई. इथेही मिळतंय. बसा जेवायला."

एकदा त्या पक्कड घेऊन खिडकीशी झटताना सापडल्या. सत्तरी उलटलेली बाई, स्टुलावर उभी! मी पक्कड काढून घेतली. आठवडाभर अबोला. नवरा, आर्मिन, दोघींच्या मधे न पडता गॅरेजमध्ये जाऊन बसायचा. घरोघरी मातीच्या चुली.

पण एक मान्य करते. रोमीला दम लागला की ती मला नाही, ओमालाच, म्हणजे आजीलाच, हाका मारायची. सासूबाई तिच्या मागे पलंगावर बसायच्या, तिच्या पाठीवर तळहात ठेवायच्या आणि स्वतः मोठमोठ्याने श्वास घ्यायच्या.

"माझ्याबरोबर घे, चिमणे. आत... बाहेर... आत... बाहेर..."

त्या लयीवर पोर हळूहळू सावरायची.

त्या एप्रिलमध्ये सासूबाईंच्या हृदयाने हात टेकले. दवाखान्यात राहायला त्यांनी साफ नकार दिला. "तिथल्या खिडक्या तर जन्मात उघडत नाहीत," म्हणाल्या. घरी आणलं. शेजारची गेर्लिंडे, त्यांची बालमैत्रीण, रोज येऊन बसायची.

त्या दुपारी लख्ख ऊन होतं. बर्च इतका फुलला होता की रस्ता पिवळा दिसत होता. रोमीला सकाळीच मोठा दम लागून गेला होता. औषधाची वाफ घेऊन ती शेजारच्या खोलीत नुकतीच झोपली होती. अशक्त झाली होती म्हणून दोन्ही खोल्यांची दारं मी उघडी ठेवली होती.

सासूबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

"खिडकी..."

"आई, रोमी झोपलीय. आत्ताच दम लागून गेलाय तिला."

त्यांनी मान हलवली. समजलं म्हणून हलवली की राग म्हणून, कुणास ठाऊक.

पुन्हा एकदा म्हणाल्या, "खिडकी..."

आणि गेल्या.

गेर्लिंडेने त्यांचे डोळे मिटले आणि ताडकन उठली. "ऊटा, खिडकी उघड. लगेच."

आमच्याकडे ही रीत आहे. माणूस गेलं की आधी खिडकी उघडायची. घड्याळ थांबवणं नंतर, आरसा झाकणं नंतर, रडणं नंतर. आधी खिडकी. आत्म्याला बाहेर जायला वाट हवी.

"नाही," मी म्हणाले.

"अगं, वेडी झालीस का? वाल्ट्राउट जाणार कुठून?"

"कुठून का जाईना. शेजारी माझी लेक आहे. आज तिला आणखी एक दम सोसणार नाही."

"हँडल दे इकडे!"

"गेर्लिंडे, मेलेल्या माणसासाठी जिवंत पोरीचा श्वास मी पणाला लावणार नाही."

हँडलांचा डबा माझ्या काखेत होता. मी तो सोडला नाही. मी चूक केली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे.

सासूबाईंना नेलं. त्यांची खोली मी स्वतः पुसली. जाळीतला मोजा काढला, धुतला, कपाटात ठेवला. दार लावून घेतलं.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मी त्या दारावरून जात होते. सहज स्क्रीनकडे नजर गेली.

आठशे.

खोली बंद. आत कुणी नाही... आणि आकडा आठशे.

मी दार उघडलं. पलंग रिकामा. चादरीवर सुरकुती नाही. फक्त पाइनच्या मलमाचा वास, सासूबाई छातीला चोळायच्या तो. आणि यंत्राचा आवाज... तो नव्हता. इतर खोल्यांत जाळीतून हलकी सळसळ येत असते. इथे काहीच नव्हतं.

मी वर पाहिलं.

जाळीत मोजा होता. राखाडी. टाचेला ठिगळ.

अंगावर सरसरून काटा आला, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्याच क्षणी मला असा संताप आला! मेल्यावरसुद्धा? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते उगाच नाही. मी झाडूने मोजा ओढून काढला.

"आई," मी रिकाम्या खोलीला म्हणाले, "यंत्र चालूच राहणार."

दुसऱ्या दिवशी मोजा परत जाळीत.

आर्मिन यंत्रांवर विश्वास ठेवणारा माणूस. तो म्हणाला, स्क्रीन बिघडलाय. त्याने आईच्या खोलीतला स्क्रीन काढून स्वयंपाकघरात लावला आणि तिथला इथे. स्वयंपाकघरातला लगेच शहाण्यासारखं वागायला लागला. इथला नवा मात्र हळूहळू चढला... पाचशे... सहाशे... आठशे. आणि तिथेच थांबला. एक माणूस शांत झोपला की थांबतो तसा.

आर्मिन बराच वेळ त्या आकड्याकडे बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मम्मा?"

त्यानंतर त्याने त्या खोलीत पाय ठेवला नाही.

गेर्लिंडेला हे सगळं कळलं. छोट्या गावात कळतंच. मी सारण भरून तळलेले माउल्टाशेन घेऊन तिच्याकडे गेले होते. तिने ताट बाजूला सारलं.

"अजून वेळ गेली नाही. उघड खिडकी."

"आता गवताच्या परागांचा मोसम आहे. जुलैत उघडेन. तोवर राहू देत त्यांना. भाडं मागत नाही मी."

"हसतेस काय? एक सांग मला. मेलेल्या माणसाला श्वास लागत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग आकडा चढतो कसा? ती जो श्वास घेतेय... तो कुणाचा आहे, ऊटा?"

मी घरी आले. रोमी जिन्यात बसली होती. शाळेतून येऊन अर्ध्या पायऱ्या चढली होती आणि तिथेच थांबली होती. डोळ्यांखाली निळसर. तिला दम लागलेला नव्हता, शिट्टीही नव्हती. फक्त थकली होती.

"काय झालं गं?"

"काही नाही, मम्मा. श्वास संपला जरा."

त्या दिवसापासून मी रोमीला नजरेआड होऊ दिलं नाही.

तरीही जूनमधली ती दुपार आलीच.

रोमी शाळेतून लवकर आली, तिच्या खोलीत झोपली. यंत्रातले गाळणीचे पडदे बदलायचे होते. ते मोसमात बदलले नाहीत तर सगळा खटाटोप पालथ्या घड्यावर पाणी. मी हँडलांचा डबा बरोबर घेतला आणि तळघरात उतरले. डबा मी तेव्हा कुठेच सोडत नसे.

पडदे बदलायचे तर पंखा बंद करावा लागतो. मी बंद केला.

घर एकदम गप्प झालं.

चार वर्षं त्या यंत्राची घरघर कानात होती. ती थांबली, आणि तिच्या मागे जे होतं ते ऐकू आलं...

हवेच्या नळीतून. वरून. श्वासाचा आवाज.

आत... बाहेर... आत... बाहेर...

एक बारीक श्वास. एक म्हातारा, खरखरीत. दोन्ही एका लयीत.

यंत्रावर सगळ्या खोल्यांचे आकडे एकत्र दिसतात. मी पाहिलं. सासूबाईंची खोली, चारशे. त्या गेल्यापासून पहिल्यांदाच रिकामी.

रोमीची खोली... हजार. अकराशे. बाराशे.

मी गाळणीचा पडदा तिथेच टाकून जिन्याकडे वळले. तेवढ्यात आकडा पडला. झपकन, थेट चारशेवर. माणूस खोलीतून बाहेर गेला तरी आकडा असा पडत नाही, हळूहळू उतरतो. असा तो एकाच गोष्टीने पडतो.

खिडकी.

मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही.

रोमीच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. पडदा बाहेर उडत होता. खिडकीच्या कठड्यावर पिवळी धूळ साचली होती. आणि खिडकीला हँडल नव्हतं. जिथे हँडल बसतं तिथे नुसतं चौकोनी भोक.

रोमी पलंगावर ताठ बसली होती. डोळे मिटलेले. पाठ किंचित मागे टेकलेली... मागे काहीच नसताना.

आणि श्वास घेत होती. शांत. शिट्टी नाही, ओढ नाही. त्या मोसमात मी तिला असा श्वास घेताना पाहिलं नव्हतं.

मी तिला चादरीत गुंडाळून छातीशी धरलं. भीती होतीच. पण त्या भीतीपेक्षा माझा राग मोठा होता, आणि तो सगळा बाहेर पडला.

"जायचंय ना तुम्हाला? जा! उघडी आहे खिडकी! तुमची रीत मी पाळली नाही. घ्या, आता पाळते! पण माझ्या पोरीला हात लावायचा नाही. भांडण तुमचं माझ्याशी आहे. दम असेल तर माझा घ्या!"

पडदा आत आला. पुन्हा बाहेर गेला.

मग वारा पडला.

मी पायानेच खिडकी ढकलून लावली. स्क्रीनकडे बघत बसले. आकडा चढायला लागला. पाचशे... सातशे... मी आणि रोमी, म्हणजे बाराशे व्हायला हवे. बाराशेला थांबला.

सुटलो, मी म्हणाले. गेल्या सासूबाई. मला रडू कोसळलं. खरं सांगते, त्या बाईसाठी मी पहिल्यांदा तेव्हा रडले.

रोमीने डोळे उघडले. माझे गाल पुसले.

"मम्मा, तू ओमाला ओरडलीस?"

"ओमा गेली, राणी. खिडकीतून गेली."

"नाही गेली. ती म्हणते, जायचंय कुणाला? मी तर फक्त खोलीत ताजी हवा घेत होते."

मी वळून स्क्रीनकडे पाहिलं.

तेराशे. चौदाशे... सोळाशे.

त्या संध्याकाळी मी डबा उपडा करून सगळी हँडलं तपासली. लाल ठिपक्याचं नव्हतं. डबा तर दिवसभर माझ्याजवळ होता. आम्ही घर, बाग, गॅरेज, सगळं धुंडाळलं. मिळालं नाही. नवीन आणावं लागलं.

सासूबाईंची खोली त्या दिवसापासून कायम चारशेवर. मोजाही पुन्हा कधी जाळीत दिसला नाही. रोमीच्या खोलीत मात्र रोज बाराशे. मी तिला महिनाभर आमच्या खोलीत झोपवलं, तर तिथे आम्ही तिघं आणि आकडा चौघांचा. जुलैत पाऊस झाल्यावर मी घरातली एकूण एक खिडकी उघडली. पाद्रींना बोलावलं. ते प्रार्थना म्हणून, केक खाऊन गेले. आकडा जागचा हलला नाही.

रोमीचा दमा मात्र कमी होत गेला. गेर्लिंडे म्हणायची, वाल्ट्राउट पोरीबरोबर श्वास घेते म्हणून. डॉक्टर म्हणाले, औषधं आणि गाळलेली हवा. मी डॉक्टरांच्या बाजूची. श्रेय यंत्राचं आहे, आणि ते बसवायचा हट्ट माझा होता.

फक्त पोर सकाळी उठायची ती थकलेली. दहा वर्षं. रक्त तपासलं, हृदय तपासलं. काही निघालं नाही. वयात येतेय, म्हणाले.

या ऑक्टोबरमध्ये रोमी शिकायला लाइपझिगला गेली. ती गेली त्या रात्री तिच्या खोलीतला आकडा चारशेवर आला आणि तिथेच राहिला. मी सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या. आर्मिन आणि मी, बस्स. दहा वर्षांनी घरात आम्ही दोघंच होतो.

मला आनंद व्हायला हवा होता. मी जिन्यात बसून राहिले.

काल रोमीचा फोन आला. हसत होती. "मम्मा, तुझी सवय लागली बघ. मी पण हवेचा आकडा दाखवणारं छोटं यंत्र घेतलंय. पण बिघडलेलं निघालं. मी एकटीच असते आणि सकाळी बाराशे दाखवतं."

मी खुर्ची ओढून बसले.

"आणि खिडकी रात्री लावून झोपते, तर सकाळी उघडी. कडी सैल असेल. थांब, फोटो पाठवते."

फोटो आला. टेबलावर ते यंत्र. हिरव्या अक्षरात बाराशे. मागे उघडी खिडकी.

खिडकीच्या कठड्यावर एक हँडल ठेवलं होतं. जुनं, पांढरं. त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका.

"ते हँडल कुठून आलं?" मी विचारलं.

"हे? मी आले तेव्हापासून इथेच आहे. आधीच्या मुलीचं राहिलं असेल. का गं?"

"रोमी, तुला श्वास नीट घेता येतो ना?"

"एकदम छान. शिट्टी नाही, काही नाही. फक्त सकाळी ना, मम्मा... खूप दमायला होतं. रात्रभर आणखी कुणाच्या तरी वाटचा श्वास घेतल्यासारखं."

मी सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. आर्मिन म्हणाला, जाऊन काय करणार आहेस? ते मलाही माहीत नाही. पण पर्समध्ये पक्कड टाकलीय. सासूबाईंचीच, स्टुलावरून काढून घेतलेली. त्या पोरीची राखण करतात की तिचा श्वास खातात, ते मला दहा वर्षांत कळलेलं नाही. आता त्यांनाच तोंडावर विचारणार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या खोलीतून हलणार नाही.

रोमीला मी फार काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, मी येईपर्यंत झोपू नकोस.